प्रतिसादशील (पडद्यानुसार मांडणी बदलणाऱ्या) संकेतस्थळावरील जड छायाचित्रे : माझा अनुभव

पैठण्यांच्या एका संकेतस्थळासाठी प्रत्येक छायाचित्राच्या ४००, ८०० आणि १६०० पिक्सेल रुंदीच्या वेबपी (चित्रांचा हलका फाइल-प्रकार) प्रती ‘एसआरसीसेट’मध्ये, म्हणजे ब्राउझरला निवडीसाठी प्रतींची यादी देणाऱ्या एचटीएमएल गुणधर्मात, दिलेल्या असूनही, तीन स्तंभांच्या मांडणीत १४४० पिक्सेलच्या साध्या पडद्यावर १६०० चीच प्रत उतरत होती. चित्र पडद्यावर किती रुंद दिसेल हे सांगणारा ‘साइझेस’ हा गुणधर्म नसेल तर चित्र पडद्याच्या पूर्ण रुंदीचे आहे असे ब्राउझर गृहीत धरतो, कारण पानाची मांडणी ठरण्याआधीच त्याला प्रत निवडायची असते. ‘साइझेस’मध्ये मोठ्या पडद्यासाठी ३३ व्हीडब्ल्यू (पडद्याच्या रुंदीचे ३३ टक्के) आणि मोबाइलसाठी १०० व्हीडब्ल्यू असे नोंदवताच ८०० ची प्रत येऊ लागली. पडताळणी कॅशे (ब्राउझरने आधी उतरवलेल्या फाइलींचा साठा) बंद ठेवूनच करावी. मोठी प्रत आधी उतरलेली असल्यास क्रोम तीच दाखवतो आणि आपली उगाच दिशाभूल होते. वेबपीची गुणवत्ता मात्र फार कमी करू नये, जरीची बारीक वीण लगेच पुसट होते.