बर्न केलेली डीव्हीडी दुसरीकडे उघडत नाही? या चुका टाळा

आपल्याकडे डीव्हीडी व्यवस्थित उघडते आणि तीच मामाकडे नेली की ड्राइव्ह नुसता घरघरतो. दोष डिस्कच्या माथी बसतो, पण पुष्कळदा ती चांगलीच असते. सेशन बंद करायचं, म्हणजे बर्निंगचा शेवटचा टप्पा पूर्ण करायचा, राहिलेलं असतं.

कोरी डिस्क टाकली की विंडोज ७ किंवा १० विचारतं, ही कशी वापरायची? पेनड्राइव्हसारखी की सीडी-डीव्हीडी प्लेअरसाठी? फाइल्स नुसत्या ओढून टाकता येतात म्हणून लोक पहिला पर्याय घेतात. त्यात सेशन बंद होईपर्यंत दुसऱ्या मशीनला डिस्कवर काय आहे ते नीट कळत नाही. विंडोज हे काम सहसा इजेक्ट करताना करतं, त्याला थोडा वेळ लागतो. तेवढ्यात लॅपटॉप बंद केला की घोटाळा झालाच. डिस्क दुसऱ्याला द्यायची असेल तर सरळ दुसरा पर्याय घ्या.

भाच्याच्या मुंजीच्या फोटोंची डीव्हीडी आमच्याकडे कोरी दिसत होती. ताई रडकुंडीला आली. मी डिस्क खिडकीशी तिरकी धरली, तर मधल्या भोकाभोवती गडद पट्टा स्पष्ट दिसला. म्हणजे फोटो लिहिलेले होते! जिथे बर्न केली त्याच कॉम्प्युटरवर ड्राइव्हवर राइट क्लिक करून 'क्लोज सेशन' केलं आणि सगळे फोटो उघडले. म्हणून अशी डिस्क घाईने फेकू नका.

आयएसओ फाइलचीही (म्हणजे आख्ख्या डिस्कची एकाच फाइलमधली नक्कल) अशीच गफलत होते. ती कॉपी करून टाकली तर डिस्कवर एकच मोठी फाइल दिसते आणि कॉम्प्युटर त्या डिस्कवरून बूट, म्हणजे सुरू, होत नाही. फाइलवर राइट क्लिक करून 'बर्न डिस्क इमेज' निवडा.

जुन्या सीडी-रॉम ड्राइव्हमध्ये डीव्हीडी चालत नाही, तेव्हा समोरच्याकडे कोणता ड्राइव्ह आहे हेही आधी विचारून घ्या. आरडब्ल्यू (पुसून पुन्हा लिहिता येणाऱ्या) डिस्कवरून प्रकाश कमी परावर्तित होतो, त्यामुळे काही जुने ड्राइव्ह ती वाचत नाहीत. कायम ठेवायच्या गोष्टींना साधी, एकदाच लिहिता येणारी आर डिस्क बरी. ४.७ जीबीची डिस्क विंडोजमध्ये ४.३७ जीबीच दिसते, तेव्हा काठोकाठ भरायला जाऊ नका.

सीडीवर बॉलपेनने नाव लिहू नका. डेटाचा थर छापील बाजूच्या अगदी खाली असतो, टोकाने तो खरवडला जातो. मऊ टोकाचा मार्कर घ्या. आणि कॅमेऱ्याचं कार्ड पुसण्याआधी डिस्क शेजारच्यांच्या कॉम्प्युटरवर उघडून दोन-चार फोटो बघाच.