लठ्ठपणावरचे रिव्ह्यू तपासायला बसण्याआधी

प्रौढांच्या लठ्ठपणावरच्या उपचारांचे सिस्टिमॅटिक रिव्ह्यू (एका प्रश्नावरचे अभ्यास ठरलेल्या पद्धतीने शोधून घेतलेले आढावे) तपासायचं काम अंगावर आलं की सगळे आधी ॲम्स्टार-२ चा, म्हणजे रिव्ह्यू किती विश्वासार्ह आहे ते जोखायचा, तक्ता उघडतात. उघडा, हरकत नाही. २०१७ साली आलेल्या या तक्त्यात १६ प्रश्न आहेत, त्यातले ७ कळीचे. कळीच्या एका प्रश्नात रिव्ह्यू अडकला की विश्वासार्हता 'कमी', एकाहून जास्त प्रश्नांत अडकला की 'अतिशय कमी'. गुणांची बेरीज करायची नाही, हे तक्ता बनवणाऱ्यांनीच सांगितलंय. तरी '१६ पैकी ११' असलं काहीतरी प्रबंधांत दिसतंच.

'आम्ही प्रिझ्मा पाळली' या वाक्यावर भाळू नका. प्रिझ्माची २७ मुद्द्यांची यादी रिव्ह्यू नीट लिहिलाय का ते बघते, नीट केलाय का ते नाही.

प्रोटोकॉलची (आधी ठरवलेल्या आराखड्याची) नोंद प्रॉस्पेरो या रिव्ह्यूंच्या ऑनलाइन नोंदवहीत सापडली म्हणून लगेच 'होय' करू नका. नोंदणीची तारीख बघा आणि मुख्य मोजमाप (प्रायमरी आउटकम) कोणतं ठरवलं होतं तेही बघा. नोंदणीत १२ महिन्यांचं वजन आणि पेपरात ६ महिन्यांचं, असं असेल तर बदलाचं कारण कुठे दिलंय ते शोधायचं. वगळलेल्या अभ्यासांची यादी हा सातवा प्रश्न, यात फार जण गळतात. फ्लोचार्टमधले नुसते आकडे चालत नाहीत. पूर्ण वाचून वगळलेला प्रत्येक अभ्यास आणि त्याचं कारण हवं. पुरवणी फाइल उघडल्याशिवाय 'नाही' लिहू नका. खरं सांगायचं तर या एका उणिवेने माझी झोप उडत नाही, पण नियम तो नियम.

माझी झोप उडते ती गळतीने. वजनाच्या ट्रायलमधून माणसं मध्येच निघून जातात, आणि बरेचदा जातात ती वजन न उतरलेलीच. समजा, गटात १०० जण होते. शेवटी ६० उरले आणि त्यांचं सरासरी ८ किलो उतरलं. गेलेल्या ४० जणांचं काहीच उतरलं नाही असं धरलं, तर सरासरी ४.८ किलोवर येते. ट्रायल तीच, माणसं तीच. काही ठिकाणी शेवटचं नोंदलेलं वजन तसंच पुढे धरतात. ते वजन पुन्हा चढायच्या आतलं असेल, तर उपचार आयताच चांगला दिसतो. आता नववा प्रश्न वाचा. रँडमाइज्ड ट्रायलसाठी (माणसं चिठ्ठ्या टाकल्यासारखी गटांत वाटलेल्या चाचण्यांसाठी) त्यात गटवाटप लपवलं होतं का, ब्लाइंडिंग (कोणाला कोणता उपचार हे झाकून ठेवणं) होतं का, क्रम खरंच रँडम होता का, सोयीचा निकाल निवडला का, एवढं विचारलंय. गळतीचं नाव नाही. म्हणजे गळतीकडे ढुंकूनही न बघता रिव्ह्यूला इथे 'होय' मिळू शकतं.

मुदतीचंही तसंच. सेमाग्लुटाइड या वजन उतरवायच्या औषधाच्या स्टेप-१ ट्रायलमध्ये ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के वजन उतरलं, प्लासिबो (औषध नसलेली नकली मात्रा) गटात २.४ टक्के. औषध थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्यातलं सुमारे दोन तृतीयांश परत आलं. रिव्ह्यूने कुठल्या आठवड्याला हिशेब बंद केला, यावर निष्कर्षाचा सूर ठरतो.

आणि रेटिंग पद्धतीचं असतं, ताजेपणाचं नव्हे. सिब्युट्रामिन हे वजन उतरवायचं औषध २०१० मध्ये हृदयविकार आणि पक्षाघाताच्या धोक्यामुळे युरोप-अमेरिकेच्या बाजारातून गेलं. त्याआधीचा एखादा काटेकोर रिव्ह्यू आजही 'उच्च' ठरेल.

म्हणून रेटिंगच्या शेजारी तीन जादा रकाने ठेवा: शेवटपर्यंत किती टिकले, गेलेल्यांचं वजन काय धरलं, मोजणी कधी थांबवली. ट्रायलना पैसा कोणाचा, हे दहाव्या प्रश्नात येतं. तो कळीचा नाही, पण औषधांच्या रिव्ह्यूत मी तो कधी घाईने उरकत नाही. दोघांनी वेगवेगळं बसून तपासा आणि प्रत्येक उत्तरापुढे पान क्रमांक टाका. मतभेद झाला की 'मला तसं वाटलं' यावर वाद घालण्यापेक्षा ते पान उघडणं सोपं जातं.