'आमच्याकडे नाही' म्हटल्यावर पुढे काय?

बी.लिब., म्हणजे ग्रंथालयशास्त्राची पदवी, करून तालुक्याच्या गावातल्या 'ब' वर्ग वाचनालयात लागले, तेव्हा पहिले सहा महिने माझ्या तोंडी एकच वाक्य असायचं, 'आमच्याकडे नाही.' खोटं नव्हतं ते. आमची कपाटं कादंबऱ्या आणि स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांनी भरलेली. त्यापलीकडचं कुणी मागितलं की मी मान हलवायची आणि वाचक पायऱ्या उतरून जायचा.

2023 च्या अखेरीस गावोगाव कुणबी नोंदींची शोधाशोध सुरू झाली, त्या दिवसांतली गोष्ट. एक आजोबा पिशवीत जुना कागद घेऊन आले. 'मोडीचं पुस्तक हाय का, ताई?' मोडीची बाराखडी शिकवणारं एक पुस्तक होतं आमच्याकडे. ते दिलं असतं तर देवघेवीत एक नोंद वाढली असती, एवढंच. सहज विचारलं, 'कशाला हवंय?' तर त्यांना मोडी शिकायची नव्हतीच, पणजोबांच्या कागदावर काय लिहिलंय ते हवं होतं. म्हणजे पुस्तक नको, माणूस हवा. राज्याचा पुराभिलेख विभाग मोडीचे वर्ग घेतो, तेव्हा आसपास कुणीतरी शिकलेलं असणारच, या भरवशावर कॉलेजातल्या इतिहासाच्या सरांना फोन केला. शेजारच्या गावातले एक निवृत्त शिक्षक निघाले. नव्याने या कामात येणाऱ्यांना मी सूचीआधी हाच प्रश्न शिकवते: कशाला हवंय?

लगेच शेफारले आणि तोंडघशी पडले. पीएच.डी. करणाऱ्या एका मुलीला 'तिथे नक्की मिळेल' म्हणून मोठ्या शहरातल्या जुन्या ग्रंथालयात धाडलं. एसटीने चार तासांवर. नेमकी त्या दिवशी त्यांची साप्ताहिक सुट्टी. दुसऱ्या खेपेला संस्थेचं पत्र मागितलं. चूक माझी होती, फोन मी करायला हवा होता. आता वाचक समोर बसलेला असतानाच फोन लावते. सुट्टी कधी, ओळखपत्र कोणतं, सभासद नसलेल्याला आत बसू देतात का, झेरॉक्स मिळते की नुसता फोटो काढू देतात, सगळं विचारून आमच्या लेटरहेडवर पत्र देते. चार ओळींचंच असतं, पण त्याने दारं उघडतात.

जुनं मराठी पुस्तक असेल तर आधी ते खरंच छापलं गेलं होतं का, हे बघावं. वाचकाला नाव अर्धवट आठवत असतं, साल तर बहुतेक वेळा चुकीचंच. इथे शंकर गणेश दाते यांच्या ग्रंथसूचीला तोड नाही. पहिल्या भागात 1800 ते 1937 आणि दुसऱ्यात 1938 ते 1950 मधली मराठी पुस्तकं आहेत. नाव पक्कं झालं की मग कुठे शोधायचं ते ठरवता येतं: 1893 पासूनचं ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय, 1898 पासूनचं मुंबईचं, पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ. नव्या पुस्तकांसाठी मुंबईचं मध्यवर्ती ग्रंथालय आठवावं. 1954 च्या कायद्याप्रमाणे प्रकाशकांनी पुस्तकाची प्रत ज्या ग्रंथालयांना पाठवायची असते, त्यांत ते आहे. सगळे पाठवतात असं मात्र धरून चालू नका.

आंतरग्रंथालयीन देवघेव अभ्यासक्रमात एका पानात उरकतात. प्रत्यक्षात 1988 मध्ये दिल्लीत सुरू झालेलं ग्रंथालयांचं जाळं, डेलनेट, हे तिचं चालतं-बोलतं रूप. सभासद ग्रंथालयं आपापसांत पुस्तकं उसनी देतात, लेखांच्या प्रती पाठवतात. आमच्यासारख्यांना डेलनेटची वर्गणी झेपत नाही. पण जवळचं इंजिनिअरिंग कॉलेज बहुधा सभासद असतं. तिथल्या ग्रंथपालांशी चहापुरती का होईना ओळख ठेवा, परतीच्या तारखेची हमी तुम्ही घ्या आणि ती पाळा. एकदा पाळली नाहीत की संपलं.

पीएच.डी.चे प्रबंध 'शोधगंगा' या संकेतस्थळावर मिळतात, तेही फुकट. आयआयटी खरगपूरच्या राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालयात शोध छान लागतो, पण कित्येकदा हाती नुसती नोंद येते, पुस्तक दुसरीकडेच असतं. वाचकाला हे आधी सांगा. आणि व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या नव्या पुस्तकांच्या पीडीएफ 'सेवा' म्हणून पुढे पाठवू नका. लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं कॉपीराइटचा हक्क चालतो, हे ग्रंथपालानेच विसरावं?

माझ्या टेबलावर दोनशे पानी वही आहे. कुणी काय मागितलं, कुठे पाठवलं, तिथे कोणाशी बोलले आणि शेवटचा रकाना: 'मिळालं का?' हा रकाना बरेच दिवस रिकामाच राहायचा, कारण काम झालं की कोण सांगायला येतं? आता शनिवारी दुपारी, गर्दी नसताना, मीच फोन करते. परवा आजोबांना केला. कागद जमिनीच्या गहाणखताचा निघाला म्हणाले, नोंदीचा नव्हताच. आता तहसीलच्या अभिलेख कक्षात कुठली खिडकी, ते शोधून द्यायचंय.