संशोधनाची बातमी ग्रुपवर आली की आधी काय काय बघायचं, खास कोकणातल्या लोकांसाठी

गावच्या ग्रुपवर, शाळेच्या ग्रुपवर, अगदी भजनी मंडळाच्या ग्रुपवरसुद्धा हल्ली संशोधनाच्या बातम्या फिरत असतात. सापाच्या विषावर रामबाण औषध सापडलं, आमसुलाने कॅन्सर बरा होतो, कासवाने शास्त्रज्ञांना चकित केलं, असं काहीतरी. यातल्या बऱ्याच बातम्यांच्या मागे खरंच चांगलं काम असतं, पण काम काय झालंय आणि बातमीत काय छापलंय यात खूप फरक असतो, आणि आपल्याकडे तो फरक महागात पडू शकतो, कारण वाडीपासून मोठं हॉस्पिटल दीड-दोन तासांवर, पावसात साकव पाण्याखाली, त्यात कोणी बातमीवर विसंबून उशीर केला तर नंतर सावरायला वेळच उरत नाही. म्हणून हे सविस्तर लिहितोय. सायन्सची डिग्री लागत नाही, दहा मिनिटं आणि मोबाईल पुरतो.

सगळ्यात आधी बघायचं की हे नक्की कोणावर करून बघितलंय. मे २०२५ मध्ये 'सेल' या जर्नलमध्ये (संशोधन छापणाऱ्या मासिकात) एक पेपर, म्हणजे संशोधनाचा लेख, आला. अमेरिकेतल्या टिम फ्रीड नावाच्या माणसाने कित्येक वर्षं स्वतःला मुद्दाम सापांचं विष टोचून घेतलं होतं (हे कोणीही करून बघायचं नाही, जीव जातो), त्याच्या रक्तातून संशोधकांनी दोन अँटिबॉडी (विष निकामी करणारी, शरीराने तयार केलेली प्रथिनं) शोधल्या, त्यांच्या जोडीला व्हॅरेस्प्लॅडिब नावाचं औषध घातलं आणि ते मिश्रण १९ जातींच्या सापांच्या विषावर तपासलं. १३ जातींच्या विषापासून पूर्ण संरक्षण मिळालं, बाकी सहांपासून अर्धवट. काम जबरदस्तच आहे. पण बातम्यांमध्ये त्याचं सगळ्या सापांवर एकच औषध असं होऊन गेलं. आता पेपरचा सारांश उघडला की दोन गोष्टी लगेच दिसतात. एक, प्रयोग उंदरांवर झालाय, माणसांवर नाही. दोन, ते १९ साप सगळे नाग-मण्यार यांच्या कुळातले आहेत. घोणस आणि फुरसं वेगळ्या कुळातली, ती त्यात नाहीतच. आणि आपल्याकडे कातळावर, चिऱ्यांच्या गडग्यात, काजूच्या बागेत पालापाचोळ्यात पाय पडतो तो बहुतेक वेळा फुरशावर, हे रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या कोणालाही सांगायला नको.

म्हणजे त्या बातमीमुळे आज आपल्यासाठी काहीच बदललेलं नाही. साप चावला की सरकारी दवाखान्यात मिळणारं तेच प्रतिविष, जे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषापासून बनवतात. झाडावरच्या हिरव्या चापड्याचं विष त्यात नसतं हेही माहीत असू द्या, पण चापडा चावला तरी दवाखान्यातच जायचं. दोरी बांधायची नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही, चावलेला हात-पाय हलवायचा नाही, १०८ ला फोन करायचा नाहीतर मिळेल त्या गाडीने सरळ निघायचं. साप मारून न्यायच्या भानगडीत पडू नका, डॉक्टर लक्षणांवरून उपचार करतात.

कोणावर केलंय यात पायऱ्या असतात त्या ध्यानात ठेवा. काचेच्या बशीतल्या पेशी, मग उंदीर, मग मोजकी माणसं, मग पुष्कळ माणसं आणि त्यांच्याशी तुलना करायला दुसरा गट. आमसुलाचं उदाहरण घ्या, आपल्या परसातलंच आहे. रातांब्याच्या सालीत गार्सिनॉल नावाचा घटक असतो आणि तो बशीतल्या कॅन्सरच्या पेशी मारतो असे पेपर आहेत, खरे आहेत. पण बशीतल्या पेशी फिनेल ओतलं तरी मरतात. खाल्लेला घटक रक्तात किती पोचतो, गाठीपर्यंत किती जातो, चांगल्या पेशींना काय करतो, हे सगळं बशीत कळत नाही. त्यामुळे बातमीत 'पेशींवर', 'प्रयोगशाळेत' असे शब्द दिसले की समजायचं आपण पहिल्याच पायरीवर आहोत. सोलकढी खुशाल प्या, आगळाचं सरबत घ्या, पण कोणाची किमो चालू असेल तर ती थांबवून हे नाही. हे मी अगदी कळकळीने सांगतोय.

दुसरं म्हणजे तुलना कशाशी केलीय. यातच सगळ्यात जास्त लोक फसतात. रातांब्याच्याच जातीतलं एक फळ, मलबारी चिंच म्हणतात, तिच्या अर्काच्या वजन कमी करायच्या गोळ्या जगभर विकल्या जातात. १९९८ मध्ये 'जामा' या जर्नलमध्ये त्याची नीट ट्रायल (माणसांवरची चाचणी) छापून आली. १३५ माणसं, १२ आठवडे, निम्म्यांना अर्काची गोळी आणि निम्म्यांना दिसायला तशीच पण आत औषध नसलेली, सगळ्यांना सारखाच आहार. अर्क घेतलेल्यांचं वजन सरासरी ३.२ किलोने कमी झालं. इथेच थांबलं तर जाहिरात तयार! पण नुसती खोटी गोळी घेतलेल्यांचं ४.१ किलोने कमी झालं होतं. म्हणजे काम केलं ते आहाराने, अर्काने वेगळं काही केल्याचं दिसलं नाही. दुसरा गट नसता तर हे कळलंच नसतं. त्यामुळे 'अमुक जणांना गुण आला' असं वाचलं की विचारायचं, न घेणाऱ्यांचं काय झालं?

तुलनेचं चांगलं उदाहरण आपल्या महाडचंच आहे आणि त्याचा मला फार अभिमान वाटतो. लाल विंचू चावला की घाम सुटतो, हातपाय गार पडतात, फुप्फुसात पाणी भरतं आणि हृदय बंद पडतं. पूर्वी अशा गंभीर पेशंटमधला साधारण चारात एक दगावायचा. डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी रायगडमधल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नोकरी करताना हे पेशंट रात्र रात्र उशाशी बसून बघितले, १९८२ मध्ये त्यांचं निरीक्षण 'लॅन्सेट'मध्ये आलं, पुढे त्यांनी ब्लडप्रेशरची प्राझोसिन ही गोळी वापरायला सुरुवात केली आणि मृत्यूचं प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पण मला सांगायचंय ते २०११ च्या पेपरबद्दल, जो 'बीएमजे'मध्ये आला. तेव्हा प्रश्न असा होता की प्राझोसिनच्या जोडीला विंचवाचं प्रतिविष दिलं तर आणखी फायदा होतो का. ७० पेशंट, निम्म्यांना दोन्ही, निम्म्यांना नुसतं प्राझोसिन. बघा, इथे दुसऱ्या गटाला खोटी गोळी दिलेली नाही, कारण जीव वाचवणारं औषध हातात असताना ते रोखून धरणं बरोबर नाही. दहा तासांत पूर्ण बरे झाले ते दोन्ही घेतलेल्या ३५ पैकी ३२, आणि नुसतं प्राझोसिन घेतलेल्या ३५ पैकी ८.

आता हाच पेपर अजून बारकाईने वाचायचा. मोजलंय काय तर किती वेळात बरं वाटलं. प्रतिविषाने किती जास्त जीव वाचले हे ७० पेशंटमध्ये कळू शकत नाही, कारण प्राझोसिनमुळे मृत्यू आधीच इतके कमी झालेले. शिवाय कोणाला काय दिलंय हे डॉक्टरांना आणि पेशंटला दोघांनाही माहीत होतं, ते पेपरच्या नावातच स्पष्ट लिहिलंय, 'ओपन लेबल' म्हणतात त्याला. आणि सगळ्यात महत्त्वाचं, विंचू आपला आणि माणसंही आपली. मेक्सिकोतल्या विंचवावरचा पेपर कितीही मोठा असला तरी तो विंचू वेगळा, विष वेगळं, तो इथे जसाच्या तसा लागू होत नाही. म्हणून काय मोजलं आणि कुठे केलं, हे दोन प्रश्न सोडायचे नाहीत.

कुठे केलं यावरून लेप्टोचं (लेप्टोस्पायरोसिस, दूषित पाण्या-चिखलातून होणारा ताप) सांगतो, कारण लावणीच्या दिवसांत आशाताई त्यावर डॉक्सीच्या (डॉक्सीसायक्लिनच्या) गोळ्या घेऊन येतात तेव्हा दरवर्षी वाद होतो, कोणी म्हणतं हमखास उपाय, कोणी म्हणतं काही उपयोग नाही. दोघांनाही आपापल्या बाजूचा पेपर सापडेल! १९८४ मध्ये छापून आलेली ट्रायल पनामाच्या जंगलात ट्रेनिंगला गेलेल्या ९४० अमेरिकन सैनिकांवरची. तीन आठवडे, आठवड्याला एकदा २०० मिलिग्रॅम डॉक्सीसायक्लिन. गोळी घेणाऱ्यांत लेप्टो झाला एकाला, खोटी गोळी घेणाऱ्यांत २० जणांना. मग २००० मध्ये आली अंदमानातली ट्रायल, ७८२ लोक, जिथे हा रोग कायमचाच मुक्कामाला आहे. तिथे जंतुसंसर्ग काही कमी झाला नाही, पण प्रत्यक्ष आजारी पडण्याचं प्रमाण ६.८२ टक्क्यांवरून ३.११ टक्क्यांवर आलं. मला विचाराल तर चिखलणीला दिवसभर कुणग्यात गुडघाभर पाण्यात उभ्या असणाऱ्या आपल्या माणसाला तीन आठवड्यांच्या पाहुण्या सैनिकापेक्षा अंदमानची ट्रायल जास्त जवळची. म्हणजे गोळीचा उपयोग आहे, पण गोळी घेतली म्हणून गमबूट काढून ठेवायचे आणि पायाच्या जखमेवर पट्टी लावायची नाही असं चालणार नाही, आणि ताप आलाच तर डॉक्टरांना शेतात काम करतो हे आधी सांगायचं. गरोदर बायका आणि लहान मुलं यांनी डॉक्सी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घ्यायची नाही.

याच आकड्यांवरून अजून एक कळतं. अंदमानची बातमी 'आजार निम्म्याहून कमी' अशीही छापता येते आणि 'शंभरातल्या सातांऐवजी तीन आजारी पडले' अशीही. दोन्ही खरंच आहे. पण निर्णय घेताना नेहमी दुसरा आकडा शोधायचा, शंभरातले किती. नुसतं 'निम्मं झालं', 'दुप्पट झालं' असेल आणि मूळ आकडा दिलाच नसेल तर ती बातमी अर्धवट समजा.

आता कासवं. इथे औषधासारखे गट करता येत नाहीत म्हणून वाचायची पद्धत थोडी बदलते. २७ जानेवारी २०२५ ला गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालायला आलेल्या एका ऑलिव्ह रिडलेच्या पंखाला धातूचा बिल्ला होता, नंबर ०३२३३. तो २०२१ मध्ये ओडिशात लावलेला. १२० अंडी, त्यातून १०७ पिल्लं समुद्रात गेली. बातम्यांत आलं की कासव ३,५०० किलोमीटर पोहून आलं. नीट विचार करा, धातूचा बिल्ला काही रस्ता नोंदवत नाही. आपल्याला माहीत आहेत ती फक्त दोन टोकं, मधलं अंतर हा श्रीलंकेला वळसा घालून येण्याच्या वाटेवरून काढलेला अंदाज आहे, कासव मधल्या चार वर्षांत कुठे कुठे फिरलं कोणाला ठाऊक.

मग एका कासवावरून काय कळतं? पूर्वेकडची आणि पश्चिमेकडची कासवं वेगळी, त्यांचा एकमेकांशी संबंध नाही असं आधी मानलं जायचं. 'असं कधीच होत नाही' हे खोडायला एक कासव पुरतं, पण 'असं नेहमी होतं' हे सिद्ध करायला शेकडो लागतील. त्याच्या जोडीला २०२३ मध्ये गुहागरहून सॅटेलाइट टॅग लावून सोडलेली बागेश्री ठेवा, ती श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली होती. एक तिकडून इकडे आली, एक इकडून तिकडे गेली, दोघींवर पाळत ठेवायची पद्धतही वेगळी. असे दोन स्वतंत्र पुरावे एकाच दिशेला बोट दाखवायला लागले की जोर वाढतो. २०२२ मध्ये प्रथमा, सावनी, रेवा, लक्ष्मी, वनश्री यांना टॅग लावले तेव्हा पुढे काहींचे सिग्नल बंद पडले आणि लोक हळहळले की कासव गेलं. तसं लगेच धरायचं नाही, टॅग निखळतो, अँटेना मोडते, बॅटरी संपते. सिग्नल थांबला एवढंच त्यातून कळतं.

अशा संशोधनात आपल्या माणसांचा वाटा फार मोठा आहे. गस्त घालणाऱ्या कासवमित्राने तो बिल्ला बघितला नसता, फोटो काढला नसता, तर पेपर लिहायला काही उरलंच नसतं. रत्नागिरीतल्या वेळासला २००२ पासून कासवं जपायचं हे काम चालू आहे. किनाऱ्यावर बिल्ला लावलेलं कासव दिसलं तर लांब उभं राहायचं, फ्लॅश मारायचा नाही, अंडी घालून परत निघेपर्यंत थांबायचं आणि नंबर टिपून कासवमित्राला नाहीतर वनखात्याला कळवायचं, बिल्ला काढायचा नाही.

मूळ पेपर शोधायची रीत सोपी आहे. बातमीत जर्नलचं नाव किंवा संशोधकाचं नाव असतं, ते आणि विषयाचा एक शब्द गुगल स्कॉलरवर नाहीतर पबमेडवर टाकायचा. सारांश फुकट वाचता येतो. इंग्रजी जड वाटलं तर फोनमध्ये भाषांतर करून घ्या, पण आकडे मूळ इंग्रजीतूनच बघा. सारांशात उंदीर की माणसं, किती, दुसरा गट होता का, काय मोजलं, एवढं मिळतं. मग तळाला जाऊन पैसे कोणी दिले ते बघायचं. औषध कंपनीने दिले म्हणून लगेच खोटं ठरत नाही, पण मग दुसऱ्या कोणी तेच करून बघितलंय का ते शोधायचं. 'प्रीप्रिंट' लिहिलेलं असेल तर अजून इतर तज्ज्ञांनी तपासलेलं नाही, तोवर त्यावर औषध बदलायचं नाही. बातमीत ना जर्नल, ना नाव, ना देश, नुसतं 'एका संशोधनानुसार' असेल तर पुढे पाठवू नका. आणि डॉक्टरांकडे जाताना बातमीचा स्क्रीनशॉट नेण्यापेक्षा सारांशाची प्रिंट न्या आणि 'हे माझ्या केसला लागू होतं का' एवढंच विचारा, बहुतेक डॉक्टर नीट सांगतात.

कधी तुमच्याच तालुक्यात एखादी ट्रायल आली आणि भाग घ्या म्हणून विचारलं तर घाबरायचं कारण नाही, पण सही करायच्या आधी संमतीपत्र मराठीतून मागा आणि घरी नेऊन वाचा. ट्रायलचा सीटीआरआय (भारतातल्या ट्रायलची सरकारी नोंदवही) नंबर विचारा. २००९ पासून भारतात औषधांच्या ट्रायलची तिथे नोंद बंधनकारक आहे आणि ती कोणालाही ऑनलाइन बघता येते. मधेच सोडायचं झालं तर कारण न देता सोडता येतं, त्यासाठी कोणी तुमचे नेहमीचे उपचार थांबवू शकत नाही, आणि ट्रायलमुळे काही इजा झाली तर २०१९ च्या नियमांप्रमाणे उपचार फुकट मिळायला हवेत. हे सगळं त्या कागदात लिहिलेलं आहे का ते बघून मगच सही करा, आणि एक प्रत आपल्याकडे ठेवा.