'मूळची कुठली?' विचारणाऱ्यांना काय सांगायचं

मी जन्माने गुवाहाटीची, वाढले सांगलीत. बाबांची बँकेतून तिकडे बदली झाली होती. १९९१ मध्ये ते परतले तेव्हा सामानाबरोबर दहा महिन्यांची, दत्तक घेतलेली मी होते. डोळे बारीक, नाक बसकं आणि आडनाव कुलकर्णी. अशीच कुणी आत्ता आठवी-नववीत असशील, तर हे तुझ्यासाठी.

रिक्षावाल्याने विचारलं, तर "सांगलीची." "तसं नव्हे, मूळची?" तर "गावभागातली." तिसऱ्यांदा विचारलं की, "तुम्ही मूळचे कुठले?" बहुतेकांना आपल्या गावाबद्दल बोलायला आवडतं, स्टँड येईपर्यंत तेच पुरतं. जवळच्या मैत्रिणींना मात्र दत्तक असल्याचं तूच आधी सांग. दुसरीकडून कळलं की कुजबुज सुरू होते.

वर्गात कुणी 'चिंकी' म्हणालं तर कंपासपेटी फेकू नकोस. मी सहावीत फेकली. शिक्षा मला झाली, चिडवणं थांबलं नाही. कोण, कधी, काय म्हणालं ते तारखेसह वहीत लिही आणि वही घेऊन आईसोबत मुख्याध्यापकांकडे जा. 'मुलांची मस्करी हो' म्हणणारे लोक लिहिलेलं दिसलं की सरळ बसतात.

घरचे अवघड, कारण त्यांचं प्रेमही असतं. माझी आजी मी सात वर्षांची होईपर्यंत रोज तेलाच्या बोटांनी माझं नाक ओढायची, सरळ व्हावं म्हणून. नाक ऐकलं नाही. शेवटी मीच म्हटलं, "आजी, श्वास नीट येतोय, राहू दे." ती हसली आणि तेल केसांकडे वळलं.

चुलतभाऊ भांडणात म्हणाला होता, "तुला परत पाठवतील." बाबांनी समजूत काढत न बसता हिंदू दत्तक कायदा, १९५६ उघडला आणि कलम १५ वाचून दाखवलं. रीतसर झालेलं दत्तक कुणालाच रद्द करता येत नाही: आईबाबांना नाही आणि मुलालाही नाही. म्हणजे पडवळाच्या भाजीवरून घर सोडायची सोय मलाही नव्हती. तुझं दत्तक बाल न्याय कायद्याखाली झालेलं असू शकतं. आदेशाची प्रत घरात कुठे आहे ते विचारून ठेव.

सहलीला जाताना आधार कार्ड जवळ हवंच. वेरूळच्या लेण्यांचं तिकीट भारतीयांना ४० रुपये, परदेशी पाहुण्यांना ६००. खिडकीवरच्या काकांनी माझ्याकडे पासपोर्ट मागितला. मुद्दाम सांगली काढली: "ओ काका, हितलीच हाय की मी!" चाळीसात काम झालं. बोलून दाखवावं लागलं याचा राग मात्र देवगिरीपर्यंत टिकला.

आता एक गोष्ट, जी मला फार उशिरा कळली. डॉक्टर विचारतात, "घरात कुणाला काय आजार?" तेव्हा आईच्या मधुमेहाचं सांगू नकोस, तो तुझ्या रक्तात आलेला नाही. सरळ 'माहीत नाही, मी दत्तक आहे' म्हण. ईशान्येकडची असशील तर लग्नाआधी, निदान मूल होऊ देण्याआधी, हिमोग्लोबिनची एचपीएलसी नावाची रक्ततपासणी करून घे. तिकडे हिमोग्लोबिन ई, म्हणजे आईबापांकडून येणारा हिमोग्लोबिनचा एक वेगळा प्रकार, बऱ्याच लोकांत आढळतं. एकट्याने ते सहसा त्रास देत नाही, पण जोडीदार बीटा थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा वाहक असेल तर बाळाला गंभीर आजार होऊ शकतो.

जन्मदात्यांचा शोध घ्यायचा असेल तर 'कारा'कडे, म्हणजे केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाकडे, अर्ज करता येतो. अठरा पूर्ण झाली की स्वतः, त्याआधी आईबाबांसोबत. तिऱ्हाइताला हा शोध घेता येत नाही, त्यामुळे 'पैसे द्या, शोधून देतो' म्हणणाऱ्याला दारात उभं करू नकोस. आणि जन्मदात्या आईलाही तिची गुप्तता आहे, तेव्हा सगळं कळेलच असं धरून चालू नकोस.

मी दोनदा अर्ज भरायला बसले, अजून पाठवलेला नाही. आईपासून लपवून करायचा नव्हता म्हणून आधी तिलाच सांगितलं. ती मटार सोलत होती. म्हणाली, "गुवाहाटीचं तिकीट काढशील तेव्हा दोन काढ. आणि खालचा बर्थ बघ, माझे गुडघे दुखतात."