फ्लश टँकची गळती: संच बदलण्याआधी या चुका टाळा

फ्लश टँकमधून कमोडमध्ये उतरणारी बारीक धार मिनिटाला अवघी १०० मिलिलिटर असली, तरी दिवसाकाठी १४४ लिटर पाणी वाया जाते. एप्रिल-मे महिन्यांत विहिरींचा तळ दिसू लागणाऱ्या रत्नागिरी-सिंधुदुर्गातील वाड्यांना हे मुळीच परवडणारे नाही.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे पाणी नेमके कोठून जाते हे न पाहता आतला अख्खा संच विकत आणणे. आधी झाकण काढून पाहावे. पाणी ओव्हरफ्लो नळीच्या (जादा पाणी कमोडमध्ये सोडणाऱ्या उभ्या नळीच्या) तोंडातून आत जात असेल, तर दोष पाणी भरणाऱ्या फ्लोट व्हॉल्व्हचा आहे आणि तळाचा फ्लश व्हॉल्व्ह कितीही उत्तम बसवला तरी ती धार थांबणार नाही. पातळी नळीच्या खाली असूनही कमोडमध्ये पाणी येत असेल, तर टँकमध्ये थोडा खाण्याचा रंग टाकून अर्धा तास फ्लश करू नये; रंग खाली उतरला की तळाच्या वॉशरकडे वळावे. कित्येकदा हा वॉशर झिजलेलाच नसतो. विहिरीच्या पाण्याबरोबर आलेला तांबूस गाळ त्याच्या बैठकीवर साचलेला असतो आणि तो कापडाने पुसून काढल्यावर गळती थांबते. असे असताना नवा संच घेणे हा निव्वळ अपव्यय आहे.

भाग बदलावाच लागला, तर जुना भाग दुकानात सोबत न्यावा, कारण पाणी टँकच्या बाजूने येते की खालून, यावर व्हॉल्व्ह ठरतो. खोक्यावर लिहिलेला किमान दाबही वाचावा. छपरावरची टाकी फ्लशपेक्षा तीन मीटर उंच असेल, तर दाब साधारण ०.३ बारच मिळतो. अधिक दाब लागणारा व्हॉल्व्ह तेथे टँक रडतखडत भरतो किंवा नीट बंदच होत नाही.

टँक कमोडवरच बसवलेला असेल, तर त्याला जोडणारे बोल्ट साध्या लोखंडाचे घेऊ नयेत. खाऱ्या हवेत ते लवकर गंजतात, म्हणून पितळी किंवा ३१६ प्रतीचे स्टेनलेस स्टीलचे घ्यावेत. रबरी वॉशर टँकच्या आतल्या बाजूला, बोल्टच्या डोक्याखाली यायला हवा. नट दोन्ही बाजूंनी आळीपाळीने, थोडे थोडे आवळावेत. गळती राहिली म्हणून पान्याने जोर लावणे ही घातक चूक आहे, कारण चिनी मातीच्या टँकला तडा गेला की दुरुस्तीचा प्रश्नच उरत नाही. जेथे रबरी वॉशर पाणी अडवतो, तेथे टेफ्लॉन टेप गुंडाळल्याने काहीही साधत नाही.

नवा व्हॉल्व्ह जोडण्याआधी टँकला पाणी आणणाऱ्या नळीचे तोंड बादलीत धरून अँगल कॉक (त्या नळीचे पाणी चालू-बंद करणारा भिंतीवरचा छोटा नळ) क्षणभर उघडावा, म्हणजे पाइपातला कचरा नव्या जाळीत अडकणार नाही. पाण्याची पातळी ओव्हरफ्लोच्या तोंडापेक्षा सुमारे अडीच सेंटिमीटर खाली ठेवावी. टँकमध्ये टाकायच्या क्लोरीनच्या वड्या मात्र वापरू नयेत; त्यांनी रबर कडक होते आणि वॉशर वेळेआधीच निकामी होतो.

गणपतीनंतर किंवा शिमग्यानंतर घर बंद करून मुंबईला परतणाऱ्या चाकरमान्यांनी निघताना अँगल कॉक आठवणीने बंद करावा, नाहीतर व्हॉल्व्ह अडकला तर छपरावरची टाकी कोणाच्याही नकळत रिकामी होते.