अझुलेजो शिकायला जाताय? आधी डोळ्यांवरचा विश्वास कमी करा

पणजीत घरांवरच्या नावाच्या निळ्या-पांढऱ्या टाइल्स, म्हणजे पोर्तुगीज पद्धतीच्या रंगवलेल्या अझुलेजो, बघून "आपण पण हे शिकूया" असं ज्यांना वाटतंय त्यांच्यासाठी लिहितोय. आधी दोन शब्द: बिस्किट म्हणजे एकदा भाजलेली पण लेप न दिलेली टाइल, आणि ग्लेझ म्हणजे भट्टीत काचेसारखा होणारा लेप.

मी कुडाळचा, शाळेत असल्यापासून गणपतीच्या शाळेत रंगकाम केलेलं, डोळ्यांची आखणी माझ्याकडे असायची, त्यामुळे टाइलवर चार वेलबुट्ट्या काढायच्या त्यात काय मोठं, असा माज होता. तोच नडला. मूर्तीवर रेघ चुकली की सुकल्यावर वरून हात मारायचा, आणि वाटीत जो रंग तोच मूर्तीवर. इथे दोन्ही नाही चालत.

बिस्किट टाइल कथलाच्या ग्लेझमध्ये बुडवून काढली की वर पांढरी सुकी पूड बसते, बोट लागलं तरी निघते, आणि त्या कच्च्या पुडीवरच रंगवायचं असतं. ब्रश टेकला की पाणी लगेच शोषलं जातं. पुन्हा घासलात तर पूड उखडते. पण हे दोन दिवसांत कळतं हो, घाबरू नका.

खरा घात कोबाल्ट करतो. कोबाल्ट ऑक्साइड वाटीत काळा, टाइलवर करडा, निळा होतो तो भट्टीतच. म्हणजे किती गडद येणार हे रंगवताना दिसतच नाही! मी 24 टाइल्सचं पॅनेल केलं, जहाज आणि समुद्र, समुद्र फिका वाटला म्हणून दुसरा हात, मग तिसरा. भट्टी उघडली तर समुद्र डांबरासारखा, जहाज त्यातच गेलेलं. तीन आठवडे पाण्यात, त्या रात्री जेवलो नाही.

म्हणून आधी चाचणीची टाइल करा. एक चमचा रंग, मग पाणी दुप्पट, चौपट, आठपट, प्रत्येकाचा एक हात आणि दोन हात शेजारी शेजारी. प्रमाण मागे कोबाल्टनेच लिहा, पेन्सिल भट्टीत जळून जाते (हेही अनुभवाने). आणि वाटी सारखी ढवळा, कोबाल्ट तळाला बसतो, मग पहिली रेघ फिकी आणि शेवटची काळी.

तयार बाथरूम टाइलवर रंगवून कमी तापमानाला भाजायचा शॉर्टकट आहे, धंद्याला ठीक, पण सुरुवात तिथून केलीत तर हात पुसापुशीला सोकावतो. आणि जो सर भट्टी उघडताना तुम्हाला जवळ उभं करत नाही त्याच्याकडे फी भरू नका, माझं स्पष्ट मत.

आखणीची भीती मात्र बाळगू नका. कागदाला सुईने भोकं पाडून कोळशाची पुरचुंडी आपटायची, आपला रांगोळीचा भोकांचा कागदच तो.

वेळ काढून पणजीच्या मेनेझेस ब्रागांझा संस्थेत जा. तिथे पोर्तुगीज चित्रकार जॉर्ज कोलासोची 1935 ची पॅनेल्स आहेत, पोर्तुगीज कवी कामोइंशच्या महाकाव्यातले प्रसंग. पोर्तुगालमधल्या पोर्तो शहराच्या साओ बेंतो स्टेशनातल्या सुमारे 20,000 टाइल्सही त्याच्याच. एका निळ्यात किती छटा बसतात ते मोजा. (अझुलेजो हे नाव निळ्यावरून नाही बरं का, अरबीतल्या घोटीव दगडाच्या शब्दावरून आलंय.)

आणि कोबाल्टची कोरडी पूड मिसळताना मास्क लावा, सर लावत नसले तरी.